लेखक गेल्यावर साठ वर्षं: हा प्रताधिकार (कॉपीराइट) नेमका कुणासाठी?

पानगळ (धागाकर्ता)

मंडळी, जरा चिडूनच लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्या गावच्या वाचनालयात स्वातंत्र्यापूर्वीच्या मराठी पुस्तकांचं एक कपाट आहे. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटलं की कोपरा हातात येतो. आम्ही काही हौशी मंडळी ती पुस्तकं स्कॅन करतोय. स्कॅनिंग निभतं. गाडी अडते ती आंतरजालावर चढवताना.

त्यात एका बाईंचं प्रवासवर्णन आहे, १९३८ सालचं, स्वखर्चाने छापलेलं. बाई एकट्या आगगाडीने उत्तर हिंदुस्थान फिरल्या. धर्मशाळांचे दर, कुठल्या स्टेशनावरचं पाणी गोड, कुठे बायकांच्या डब्यात पुरुष घुसतात आणि त्यांना कसं हुसकावायचं, सगळं त्यात आहे. दुसरी आवृत्ती निघालेली नाही. आतल्या पानावर 'सर्व हक्क लेखिकेच्या स्वाधीन' असं छापलंय. आणि बाई कधी वारल्या हे आम्हाला कुणालाही ठाऊक नाही.

सगळं घोडं इथेच पेंड खातं. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम २२ नुसार लेखक ज्या वर्षी वारला ते वर्ष संपल्यापासून साठ वर्षं मोजायची. बाई १९६० साली गेल्या असतील तर पुस्तक १ जानेवारी २०२१ पासून मोकळं. १९९० साली गेल्या असतील तर २०५० संपेपर्यंत बंद. पुस्तक तेच, कागद तोच, वाळवीही तीच.

नावाजलेल्या पुस्तकाचं उदाहरण घ्या. विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आलं. मालतीबाई बेडेकर २००१ साली गेल्या, म्हणजे ते मोकळं होणार १ जानेवारी २०६२ ला. छापल्यापासून जवळजवळ एकशे एकोणतीस वर्षांनी. मालतीबाईंना दीर्घायुष्य लाभलं याचा आनंदच आहे, पण वाचकाने त्याची इतकी किंमत का मोजायची? त्यांचं पुस्तक निदान मिळतं तरी. आमच्या बाईंचं पुस्तक कुणी छापत नाही, कुणी विकत नाही, त्यातून कुणाला दमडी मिळत नाही, तरी ते बंद.

माझं म्हणणं एवढंच आहे: पुस्तक छापल्यावर तीसेक वर्षांत पुन्हा छापलं गेलं नाही आणि हक्क सांगायलाही कुणी पुढे आलं नाही, तर ते मोकळं व्हावं. ज्यांना हक्क हवाय त्यांनी नोंद करावी. यात कुणाचं काय जातं?

खवचट_पेठकर

टाका हो बिनधास्त. बाई काय वरून नोटीस पाठवणार आहेत?

पानगळ

बाई नाही पाठवणार. पण जिथे फाईल ठेवायची ते विचारतात की मुक्त असल्याचा पुरावा द्या. 'वरून नोटीस येणार नाही' हा रकाना त्यांच्या अर्जात नाही. :-)

कलमबहाद्दर

वकिली करत नाही, पण नोकरीत या कायद्याशी रोज गाठ पडते.

पहिली गोष्ट, ही साठ वर्षं मुळात पन्नास होती. रवींद्रनाथ ७ ऑगस्ट १९४१ ला गेले, म्हणजे १९९१ संपताच त्यांचं लेखन मोकळं व्हायचं होतं. हक्क विश्वभारतीकडे होते. मुदत संपायला तीन-चार दिवस उरले असताना केंद्राने अध्यादेश काढला आणि १९९२ मध्ये त्याचा कायदा झाला. वाढवली ती एकट्या टागोरांची मुदत नव्हे, सगळ्यांची. परिणाम असा की १९९२ ते २००१ या दहा वर्षांत मृत्यूच्या हिशेबाने भारतात एकही लेखक मोकळा झाला नाही. साने गुरुजी (निधन ११ जून १९५०) जुन्या कायद्याने १ जानेवारी २००१ ला सुटले असते, ते २०११ ला सुटले. गुरुजींच्या वाचकांना त्या निर्णयाबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

याउलट गांधीजी. त्यांचे हक्क अहमदाबादच्या नवजीवन ट्रस्टकडे होते. १ जानेवारी २००९ ला मुदत संपली, ट्रस्टने वाढवून मागितली नाही. 'हिंद स्वराज'ची १९१० ची इंग्रजी आवृत्ती तर कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत असं छापूनच निघाली होती.

दुसरी गोष्ट, पानगळ, तुमची नोंदणीची कल्पना ऐकायला छान आहे पण चालणार नाही. बर्न करारात, म्हणजे प्रताधिकाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, आपण आहोत. त्या कराराप्रमाणे इतर सदस्य देशांतल्या पुस्तकांना हक्क मिळण्यासाठी नोंदणीची अट घालता येत नाही आणि किमान मुदत मृत्यूनंतर पन्नास वर्षं ठेवावीच लागते. त्यांच्यापुरती आपली संसद फार तर साठाचे पन्नास करू शकते. आपल्याच लेखकांना ती त्याहून कमी देईल असं मला वाटत नाही, तेव्हा तीस विसरा.

तिसरी, कामाची गोष्ट: कलम ३१अ. लेखक मृत किंवा अज्ञात असेल, किंवा हक्कदाराचा पत्ता लागत नसेल, तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याआधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, आणि भाषांतर काढायचं असेल तर त्या भाषेच्या दैनिकातही. पूर्वी अर्ज प्रताधिकार मंडळाकडे जायचा, मग ते मंडळ बौद्धिक संपदा अपीलीय मंडळात विलीन झालं, २०२१ मध्ये ते अपीलीय मंडळही बरखास्त झालं. आता न्यायालयात जा.

पानगळ

म्हणजे शंभर पानी प्रवासवर्णन फुकट वाचायला ठेवण्यासाठी इंग्रजी दैनिकात जाहिरात आणि वर वकील. वाचनालयाची वार्षिक वर्गणी किती असते माहितीये ना?

कलमबहाद्दर

माहितीये. म्हणून तर ३१अ खाली अर्ज केलेला हौशी माणूस मला अजून भेटलेला नाही.

जपणुकीपुरती मात्र सोय आहे. कलम ५२(१)(ढ) का काय म्हणतात ते, इंग्रजीत 'एन' आहे. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवता येते. तेव्हा स्कॅनिंग थांबवू नका. वाचनालयाच्या संगणकावर राहू द्या.

वाळवी_आणि_मी

थोडक्यात, वाळवीने खाऊ नये म्हणून संगणकात ठेवायचं आणि वाचकानेही वाचू नये म्हणून तिथेच ठेवायचं. उत्तम!

रहस्यकथेची_नात

बराच वेळ नुसती वाचत होते. आता दुसरी बाजू मांडते.

माझे आजोबा रहस्यकथा लिहायचे. नाव सांगत नाही, सांगितलं तरी फार लोकांना आठवणार नाही. १९४० ते ६० मध्ये महिन्याला एक अशी पातळ पुस्तकं यायची, रेल्वेच्या स्टॉलवर खपायची. १९७१ साली गेले. म्हणजे २०३१ संपेपर्यंत हक्क आमचे. 'आमचे' म्हणजे कुणाचे, तर बाबा, दोन काका, एक आत्या. त्यातले तिघं गेले. आता आम्ही नातवंडं, आणि एका काकूंचाही वाटा. आजोबांच्या पुस्तकांतून गेल्या कित्येक वर्षांत घरात एक रुपया आलेला नाही. पैशाचा मोह असता तर कबूल केला असता, पण पैसाच नाहीये.

तरी मला वाईट वाटलं तो प्रसंग सांगते. एका ध्वनी-पुस्तकांच्या ॲपवर आजोबांची गोष्ट ऐकली. शीर्षक बदललेलं, शेवट बदललेला, आजोबांचं नाव कुठेच नाही. निवेदकाचं नाव मात्र ठळक. आम्ही लिहिलं, उत्तर आलं की 'जुनं लोकसाहित्य समजून घेतलं'. लोकसाहित्य! माणूस रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कंदिलाच्या उजेडात लिहायचा.

तेव्हा तीस वर्षांनी सगळं मोकळं करा म्हणताना याचाही विचार व्हावा.

पानगळ

ताई, हा प्रकार संतापजनकच आहे. पण बघा ना, हक्क तुमचे असतानाच हे घडलं. साठ वर्षांच्या मुदतीने तुम्हाला वाचवलं नाही. आणि तुमच्या आजोबांची खरी पुस्तकं, खरे शेवट असलेली, जालावर सहज मिळत असती तर त्या ॲपवाल्याला असली बनवाबनवी करणं जड गेलं असतं. झाकून ठेवलेल्या पुस्तकाची चोरी पकडणार कोण?

कलमबहाद्दर

@नात, तुमचं दुखणं कलम ५७ मध्ये येतं. लेखकाचं नाव देणं आणि मजकुराची त्याच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड न करणं, हे आर्थिक हक्कांपासून वेगळं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वारसांनाही ते बजावता येतं आणि मुदत संपल्यावरही टिकतं. म्हणजे पुस्तक मोकळं झालं तरी आजोबांचं नाव काढायचा परवाना कुणाला मिळत नाही. तुम्हाला जे हवंय ते या कलमात आहे, साठ वर्षांत नाही.

रहस्यकथेची_नात

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. घरी सांगते.

खिळेजुळारी

छोटा प्रकाशक. बापाचा छापखाना होता म्हणून हे नाव.

मोकळं झालं की पुस्तकाचं सोनं होतं असं इथे सगळे गृहीत धरून चाललेत. 'श्यामची आई' २०११ पासून मोकळी आहे. आज पुस्तक प्रदर्शनात जा, निरनिराळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या मांडलेल्या दिसतील, स्वस्तही आहेत. चांगलंच आहे. पण दोन प्रती शेजारी ठेवून वाचा. एकीत रात्री (म्हणजे प्रकरणं) गळालेल्या, दुसरीत परिच्छेद चिकटवलेले, तिसरी 'मुलांसाठी संक्षिप्त' आहे पण मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं नाही. १९३५ च्या पहिल्या आवृत्तीशी ताडून पाहायची तसदी घेणारे थोडे. मुद्रितशोधनाला पैसे लागतात आणि स्पर्धा दहा रुपयांनी स्वस्त कोण यावर चाललेली.

दुसऱ्या बाजूनेही सांगतो, नाहीतर मला सगळे प्रकाशकधार्जिणा म्हणाल. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून मोकळे. चिमणराव-गुंड्याभाऊ लोकांना आठवतात, पण त्या पलीकडचं चिं. विं.चं लेखन कोण छापतंय? मोकळं झालं म्हणून धावत येणारा प्रकाशक खपणाऱ्या चार नावांपलीकडे जात नाही. पडलेल्या पुस्तकाला उचलायला पानगळांसारखी बिनपगारी माणसंच लागतात. त्यांच्या वाटेत कायदा आडवा येतो, हे मात्र शंभर टक्के मान्य.

आणि एक. 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' बघून हात टेकू नका. १९९४ च्या दुरुस्तीने कलम १९ मध्ये भर घातली: करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि वेगळं ठरलं नसेल तर प्रकाशकाने वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो परत लेखकाकडे. त्याआधीच्या करारांना हे लागू नाही. पण नव्वदीनंतरचे कित्येक लेखक अजून समजतात की आपलं पुस्तक प्रकाशकाच्या दावणीला जन्मभर बांधलंय. माझ्या धंद्यातले लोक हे त्यांना आपणहून सांगत नाहीत.

न्यूजर्सीची_नमू

इकडची गंमत सांगते. साने गुरुजी पुण्यात मोकळे, पण इथे नाहीत!

अमेरिकेत जुन्या पुस्तकाची मुदत प्रकाशनापासून पंच्याण्णव वर्षं. १९९६ साली मूळ देशात हक्क शिल्लक असलेल्या परदेशी पुस्तकांना इथे पुन्हा संरक्षण मिळालं. गुरुजी तेव्हा भारतात बंदच होते, जुन्या पन्नास वर्षांच्या हिशेबानेही. म्हणून १९३५ ची 'श्यामची आई' अमेरिकेत मोकळी होणार १ जानेवारी २०३१ ला. विकिमीडियाच्या भांडाराचा नियम आहे की चित्र किंवा पुस्तक मूळ देशात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मोकळं हवं. मराठी विकिस्रोतावर काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने या नियमापायी डोकं धरलंय. जर्मनीत मुदत सत्तर वर्षं, पण ते मूळ देशातली कमी मुदत मानतात, म्हणून बर्लिनमध्ये गुरुजी २०११ लाच मोकळे झाले.

इथे पूर्वी पानगळ म्हणतात तसंच होतं. अठ्ठावीस वर्षं मुदत, मग नूतनीकरण करायचं, नाही केलं तर पुस्तक मोकळं. बहुतेक जण करायचेच नाहीत! १९६४ पूर्वीची कितीतरी अमेरिकन पुस्तकं त्यामुळे सुटली. मग मुदती वाढत गेल्या. १९९८ ला आणखी वीस वर्षं वाढवल्यावर २०१९ उजाडेपर्यंत प्रकाशित काहीच मोकळं झालं नाही. मिकीचा पहिला गाजलेला लघुपट १९२८ चा, तो २०२४ ला सुटला.

खवचट_पेठकर

म्हणजे उंदराने आईला अडवून धरलं म्हणायचं.

तबकडी

पुस्तकवाल्यांनो, तुम्ही सुखी आहात. तुमच्याकडे एका वस्तूला एकच कुलूप.

ध्वनिमुद्रणाचं वेगळं आहे. मुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षं. म्हणजे १९६४ पर्यंत निघालेल्या तबकड्या मुद्रण म्हणून मोकळ्या आहेत. पण आतल्या शब्दांचा हक्क कवीच्या मृत्यूवर, चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूवर. बालगंधर्वांची 'स्वयंवर'मधली जुनी पदं घ्या: शब्द खाडिलकरांचे (१९४८ ला गेले, म्हणजे २००९ पासून मोकळे), चाली भास्करबुवा बखल्यांच्या (१९२२ ला गेले), तबकड्या जुन्या. तिन्ही कुलपं उघडी. आता 'मत्स्यगंधा' बघा, १९६४ चं नाटक. मुद्रण सुटेल तेव्हा सुटेल, पण अभिषेकीबुवा १९९८ ला गेले, त्यांच्या चाली २०५८ संपेपर्यंत बंद. मंगेशीला त्यांच्या गावच्या पोरांनी त्या गायच्या की नाही?

(गातातच, आणि गावंच. देवळातल्या, घरगुती किंवा हौशी बिनपैशाच्या बैठकीला सहसा कुणी हटकत नाही. पण चित्रफीत जालावर टाकली की तिथे हक्कांचा दावा लागतो.)

आणि तिन्ही कुलपं उघडी असतानाही छळ संपत नाही. मी माझ्या संग्रहातली एक जुनी तबकडी स्वच्छ करून व्हिडिओच्या संकेतस्थळावर टाकली. त्याच मुद्रणाची सीडी काढणाऱ्या एका कंपनीच्या नावे आपोआप दावा आला. यंत्राला काळ कळत नाही, त्याला फक्त आवाज जुळलेला कळतो. आक्षेप घेतला, तोही नाकारला गेला. सगळी तारीखवार कागदपत्रं माझ्याकडे असताना जाहिरातीचे पैसे त्यांच्या खिशात. मोकळ्या मालावर हक्क सांगणाऱ्याला आपल्या कायद्यात नेमकी काय शिक्षा आहे, हे @कलमबहाद्दर सांगतील का?

कलमबहाद्दर

कलम ६० खाली निराधार धमकीविरुद्ध दावा लावता येतो. पण यंत्राने लावलेला दावा म्हणजे 'धमकी' का, यावर दोन वकील तीन मतं देतील. वेगळी शिक्षा अशी नाही.

नागसेनवन

'मृत्यूनंतर साठ' हेही सगळीकडे खरं नाही, म्हणून लिहितो.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०१७ पासून मोकळी. पण मरणोत्तर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाला कलम २४ लागतं, तिथे मुदत प्रकाशनापासून साठ वर्षं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' इंग्रजीत १९५७ ला आलं, ते वर्षभरानेच सुटलं. मात्र हस्तलिखितांतून महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून जे खंड काढले त्यात पहिल्यांदाच छापलेला मजकूर आहे. 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ च्या चौथ्या खंडात आलं. कलम २४ प्रमाणे ते २०४७ संपेपर्यंत बंद. म्हणजे लिहिणारा जाऊन एक्क्याण्णव वर्षं.

हे खंड शासनाने स्वस्तात दिले, जालावरही ठेवलेत, ते मान्य. पण छापील खंड मिळायची मारामार काय असते ते ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रांगेत उभं राहिलेल्याला विचारा. छपाई रखडल्याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. एकाच्याच हातात किल्ली असली आणि तो झोपला, तर बाकीच्यांनी काय करायचं? माझ्या मते मरणोत्तर लेखनाची ही तरतूद पानगळांच्या प्रश्नापेक्षा जास्त घातक आहे. कारण तिथे छापायला माणसं तयार आहेत, वाचकही तयार आहेत.

पानगळ

हे कलम २४ माझ्या गावीही नव्हतं. आमच्या कपाटात एका कवीचं १९७४ ला मरणोत्तर निघालेलं पुस्तक आहे, ते आम्ही मोकळ्यांच्या ढिगात ठेवलं होतं. उचलतो.

वाळवी_आणि_मी

जुनी मासिकं कुणी केली आहेत का स्कॅन? 'सत्यकथा', 'अभिरुचि', 'स्त्री'? एका अंकात वीस लेखक, प्रत्येकाची पुण्यतिथी वेगळी. पान तीन मोकळं, पान चार २०५५ पर्यंत बंद, पान पाचवरचा लेखक टोपणनावाचा. टोपणनावाचा माणूस कधीच उघड झाला नाही तर प्रकाशनापासून साठ, आणि उघड झाला तर पुन्हा मृत्यूपासून. म्हणजे आपण संशोधन करून लेखक शोधून काढला की पान बंद व्हायची शक्यता. शोधूच नये मग!

खिळेजुळारी

हाहा. मराठी संशोधकांना हे कळू देऊ नका, आळसाला कायदेशीर आधार मिळेल.

न्यूजर्सीची_नमू

मला वाटतं मृत्यूच्या तारखांचीच एक सार्वजनिक यादी करावी. नावाजलेल्यांच्या नकोत, त्या मिळतात. १ जानेवारी २०२७ ला सावरकर सुटणार, १ जानेवारी २०३० ला अत्रे आणि अण्णा भाऊ साठे एकाच दिवशी, हे कुणीही सांगेल. हवेत ते एक-दोन पुस्तकं लिहून विस्मरणात गेलेले. जुन्या वर्तमानपत्रांतले निधनवृत्तांत, संस्थांची वार्षिक इतिवृत्तं, घरोघरच्या वंशावळी. मी इथून टंकनाला तयार आहे.

तबकडी

कल्पना पसंत. गायक-वादकांची बाजू माझ्याकडे. अण्णा भाऊंच्या लावण्या-पोवाड्यांच्या चालींचं काय करायचं तो गोंधळ २०२९ च्या आत सोडवू.

रहस्यकथेची_नात

यादीत आजोबांची तारीख मी देते, माझ्याकडे कात्रण आहे.

आणि एक विचारायचं होतं. काल आईशी आणि काकूंशी बोलले. २०३१ ची वाट न बघता पुस्तकं आत्ताच जालावर ठेवायला त्यांची हरकत नाही, फक्त नाव आणि शेवट तसेच ठेवायचे. आत्याकडचेही तयार आहेत. एक चुलतभाऊ कॅनडात आहे, त्याचं उत्तर येत नाही. आम्ही बाकीच्यांनी संमतिपत्र दिलं तर चालेल का?

कलमबहाद्दर

नाही. सहमालकांपैकी काहींनी दिलेला परवाना पुरत नाही, मुंबई उच्च न्यायालयाचा २००८ चा तसा निकाल आहे. चुलतभाऊ लागणारच. मात्र स्टँपपेपर, साक्षीदार वगैरेची गरज नाही. कलम ३० मध्ये २०१२ आधी 'सहीनिशी लेखी' होतं, आता नुसतं 'लेखी' आहे. त्याने ईमेलवर 'मला मान्य आहे' असं पुस्तकांच्या नावांसकट लिहून पाठवलं तरी माझ्या मते भागावं. पुस्तकांची नावं मात्र हवीतच, 'आजोबांचं सगळं' असं मोघम नको.

रहस्यकथेची_नात

नावांची यादीच तर अडचण आहे. घरात सगळी पुस्तकं नाहीत. कुणाकडे १९५० च्या आसपासच्या आठ आणे किमतीच्या रहस्यमाला असतील तर शेवटच्या पानावरच्या 'आगामी पुस्तकं' या जाहिरातीचा फोटो टाकाल का?

खिळेजुळारी

माझ्याकडे दोन गठ्ठे आहेत, माळ्यावर. रविवारी काढतो. आजोबांचं नाव व्यक्तिगत निरोपाने कळवा.